मुकी राहिलेली मधली पिढी

(मराठी भाषा दिनाच्या निमित्ताने येथील वाचनालयात आम्ही दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या दिवशी आम्ही मराठीवर बोलावे अशी चालकांची अपेक्षा होती आणि ती साहजिकच आहे. परंतु मराठीची थोरवी मराठी माणसाने मराठी माणसांस सांगावयाची आणि सर्वांनी मिळून टाळ्या वाजवावयाच्या, हा सोहळा आपण दरसाल करतो. यंदा त्यास एक दिवस विश्रांती द्यावी असे आम्हांस वाटले. म्हणून आज आम्ही आपणांस सातासमुद्रांपलीकडे, अमेरिकेच्या ओक्लाहोमा राज्यात, तेथील नैर्ऋत्य कोपऱ्यातल्या लॉटन नावाच्या शहराकडे घेऊन जाणार आहोत. त्या शहरात आणि त्याच्या भोवतालच्या कॅश, अपाचे, वॉल्टर्स अशा लहान गावांच्या मुलखात कोमँची नावाचे मूळ रहिवासी राहतात. आपली भाषा आपल्याच मुलाबाळांना, किंबहुना आपल्या स्वतःलाच, शिकविण्यासाठी ते वर्ग चालवितात. आम्ही तेथे गेलेलो नाही. जे सांगणार आहोत ते वाचून सांगणार आहोत, हे प्रारंभीच कबूल केलेले बरे.

कोमँची हे नाव त्यांनी स्वतः घेतलेले नाही. शेजारच्या यूट लोकांच्या भाषेत शत्रू अशा अर्थाचा एक शब्द होता. तो स्पॅनिश लोकांनी उचलला, त्यांच्याकडून तो इंग्रजीत गेला आणि आज साऱ्या जगात चालतो. आपले नाव आपल्या शत्रूने ठेवावे आणि तेच सरकारदप्तरी कायम व्हावे, यातली गंमत ज्यांना कळते असे लोक या सभागृहात पुष्कळ आहेत. ते स्वतःला नुमुनू म्हणतात. त्याचा अर्थ इतकाच की, माणसे. आणि त्यांच्या भाषेचे नाव नुमु तेक्वापु, म्हणजे या माणसांचे बोलणे. येथे आम्ही जो 'उ' उच्चारला तो खरा नव्हे. आपला 'उ' म्हणताना ओठांचा चंबू होतो. त्यांचा स्वर ओठ सैल ठेवून, जीभ मात्र वर उचलून म्हणावयाचा असतो. देवनागरीत त्यास अक्षर नाही. रोमन लिपीतही नव्हते. तेथे त्यांनी 'यू' या अक्षराच्या पोटात एक आडवी रेघ मारून ते तयार केले. त्या रेघेची हकीकत पुढे येईल.

हे लोक मूळचे उत्तरेकडील डोंगराळ प्रदेशातल्या शोशोनी लोकांपैकी. दोन्ही भाषा आजही सख्ख्या बहिणी शोभतील अशा आहेत. 1700 च्या सुमारास त्यांच्या हाती घोडा आला आणि ते दक्षिणेच्या गवताळ मैदानात उतरले. पुढची सव्वाशे-दीडशे वर्षे त्या मैदानावर त्यांचे राज्य होते, हा शब्द आम्ही जपून वापरीत आहोत. इतिहासकार त्याला साम्राज्यही म्हणू लागले आहेत. घोड्यांचा बाजार त्यांच्या हाती, म्हणून बाजाराची भाषाही त्यांची. शेजारच्या जमाती आणि न्यू मेक्सिकोतले स्पॅनिश व्यापारी व्यवहारापुरती कोमँची शिकत. आज जी भाषा वाचविण्यासाठी धडपड चालली आहे ती एके काळी दुसऱ्यांनी पदरमोड करून शिकावी अशी भाषा होती.

त्या काळची एक हकीकत सांगितल्यावाचून राहवत नाही. 1836 साली टेक्सासमधील एका गढीवर कोमँचींनी हल्ला केला आणि सिंथिया अॅन पार्कर नावाची सुमारे नऊ वर्षांची एक गोरी मुलगी उचलून नेली. ती त्यांच्यात वाढली, तिचे लग्न झाले, मुले झाली. 1860 साली टेक्सासच्या लोकांनी तिला 'सोडवून' परत आणली, तेव्हा ती इंग्रजी जवळजवळ विसरून गेली होती. तिने पळून जाण्याचे प्रयत्न केले. आप्तांच्या घरात ती परकी होती आणि तशीच मेली. तिचा मुलगा क्वाना पार्कर हा पुढे कोमँचींचा प्रसिद्ध पुढारी झाला. भाषा रक्तातून येते असे बोलण्याची आपल्याकडे फार सवय आहे. सिंथियाच्या रक्तात कोमँची भाषेचा थेंब नव्हता. चोवीस वर्षे ज्या घरात ती जेवली, हसली, रडली, त्या घराने तिला ती भाषा दिली. ही गोष्ट ध्यानात ठेवावी; कारण पुढे जे झाले ते हिच्या बरोबर उलट आहे.

1867 साली मेडिसिन लॉज येथे तह झाला आणि त्यांना राखीव मुलूख ठरवून देण्यात आला. 1875 च्या उन्हाळ्यात क्वानाने फोर्ट सिल या लष्करी ठाण्यावर येऊन शस्त्र खाली ठेवले. त्या वेळी रोगराई आणि लढाया यांतून उरलेले कोमँची दीड हजारांच्या आसपास होते. तरीही राखीव मुलखात का होईना, ते एकत्र होते. तंबूला तंबू लागून होता. तेही टिकले नाही. 1892 मध्ये एका सरकारी आयोगाने त्यांच्याकडून करार करून घेतला, 1900 साली काँग्रेसने त्यास मान्यता दिली आणि प्रत्येक माणसास 160 एकर जमीन तोडून देऊन उरलेला मुलूख 1901 मध्ये सोडत काढून गोऱ्या वसाहतवाल्यांना वाटण्यात आला. लॉटन हे शहर त्याच वर्षीच्या ऑगस्टात भूखंडांच्या लिलावातून उभे राहिले. नकाशावर पाहिले तर बुद्धिबळाचा पट दिसतो: एक घर यांचे, चार घरे त्यांची. कोणाची भाषा बंद करण्याचा हुकूम या करारात नव्हता; तशी गरजच नव्हती. दुकानात, टपालकचेरीत, विहिरीवर, शेजारच्या बांधावर इंग्रजी बोलणारा माणूस उभा केला की काम आपोआप होते. भाषेला बोलणारी तोंडे पुरत नाहीत, तिला सलग गावे लागतात, हे येथे बसलेल्यांना आम्ही समजावून सांगावयास नको.

मग शाळा आल्या. पेनसिल्व्हानियातील कार्लाइल येथे रिचर्ड प्रॅट नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने 1879 साली अशी पहिली मोठी निवासी शाळा काढली. मुलातला इंडियन मारावा आणि माणूस तेवढा वाचवावा, अशा अर्थाचे त्याचे 1892 चे भाषण कुप्रसिद्ध आहे. फोर्ट सिलजवळही एक निवासी शाळा होती. ती 1871 पासून 1980 पर्यंत या ना त्या रूपात चालली. घरापासून दूर ठेवणे, केस कापणे, नवे नाव देणे आणि घरची भाषा तोंडून निघाली तर शिक्षा करणे, ही या शाळांची रीत होती. क्वानानेही आपली काही मुले कार्लाइलला धाडली. त्यास दोष देण्याचा आमचा अधिकार नाही. ज्याचे राज्य बुडाले आहे त्या बापाने मुलांना नव्या राज्याची विद्या द्यावी, यात अस्वाभाविक काय? आपल्या आजोबा-पणजोबांनीही इंग्रजी शाळेची फी भरली होतीच.

परंतु आमचा आजचा मुद्दा निराळा आहे. शाळेने भाषा मारली असे सरसकट म्हटले जाते आणि तेथे विचार थांबतो. शाळेत ज्या मुलांनी मार खाल्ला ती मुले आपली भाषा विसरली नाहीत. ती मोठी झाली, घरी परतली, एकमेकांत कोमँचीत बोलत राहिली, कोमँचीतच भांडली आणि चर्चमध्ये कोमँचीत स्तोत्रे म्हणत राहिली. त्यांनी फक्त एक गोष्ट केली नाही. आपल्या मुलांशी ती भाषा ते बोलले नाहीत. आपण सोसले ते मुलांनी सोसू नये, पहिल्या दिवशी वर्गात त्यांना सर्व काही कळावे, कोणी त्यांस हसू नये, एवढीच त्यांची इच्छा. चुलीजवळ आईबाप कोमँचीत बोलत आणि मुलाकडे मान वळली की इंग्रजी सुरू होई. म्हणजे भाषेचा धागा तुटला तो छडीने नव्हे, मायेने. छडीला विरोध करता येतो, मोर्चा काढता येतो. या मायेला कोण विरोध करणार? त्या घरांतून जी पिढी वाढली तिला भाषा कळे, बोलता येत नसे. मधली पिढी मुकी राहिली. 1956 मध्ये सरकारने या लोकांना दूरच्या शहरांत नोकरीधंद्यास नेण्याचा कायदा केला आणि कित्येक कुटुंबे डॅलसला, लॉस एंजल्सला गेली, तेव्हा उरलेसुरले ऐकणेही संपले.

मध्यंतरी एक चमत्कारिक प्रकरण घडले. दुसऱ्या महायुद्धात शत्रूला उमगणार नाही असे संदेश धाडण्यासाठी अमेरिकी सैन्याने 17 कोमँची तरुणांना वेचून 1941 मध्ये जॉर्जियातील फोर्ट बेनिंग येथे शिक्षण दिले. यांतील काहीजण त्याच शाळांतून आलेले. चार्ल्स चिबिटी यांनी पुढे अनेकवार सांगितले की, ज्या भाषेबद्दल शाळेत शिक्षा होई तीच भाषा आता सरकारला हवी होती. त्या तरुणांनी युद्धाचे शब्द घरच्या भाषेतून घडविले. रणगाड्याला ते कासव म्हणत. मशीनगनला शिवणाचे यंत्र. आवाज आठवून पाहा, उपमा किती नेमकी आहे! बाँबफेकी विमान म्हणजे गर्भार विमान. आणि हिटलरचे नाव पडले वेडा गोरा. त्यांतले 14 जण युरोपात गेले आणि 6 जून 1944 रोजी नॉर्मंडीच्या यूटा किनाऱ्यावर चौथ्या पायदळ डिव्हिजनबरोबर त्यांच्यापैकी अनेकजण उतरले. किनाऱ्यावरून गेलेल्या त्यांच्या पहिल्या संदेशांपैकी एकाचा आशय असा की, सुखरूप उतरलो, पण चुकीच्या ठिकाणी. त्यांची सांकेतिक भाषा शत्रूला कधीच उलगडली नाही आणि ते सर्वजण जिवंत परत आले. 1989 मध्ये फ्रान्सच्या सरकारने हयात असलेल्या तिघांचा सन्मान केला. त्यांच्या स्वतःच्या देशाचे काँग्रेसचे सुवर्णपदक या लोकांना 2013 साली मिळाले, तेव्हा त्यांतील कोणीच उरला नव्हता. चिबिटी हे शेवटचे. ते 2005 मध्ये वारले.

या कथेवर टाळ्या पडतात हे आम्हांस ठाऊक आहे. तथापि जरा थांबून पाहावे. सैन्याला त्या भाषेचे मोल वाटले ते ती दुसऱ्या कोणालाच कळत नव्हती म्हणून. भाषेचे मोल तिच्या दुर्बोधतेवरून ठरले. युद्ध संपल्यावर तेच तरुण घरी आले, बाप झाले आणि त्यांच्याही घरांतून मुलांशी इंग्रजीच सुरू झाली. पराक्रमाने भाषेला मान मिळतो. मूल मिळतेच असे नाही.

पुढे काही कोमँची मंडळींनी आपल्या भाषेच्या व संस्कृतीच्या रक्षणार्थ एक समिती स्थापन केली. 1990 मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसने मूळ रहिवाशांच्या भाषा जपणे हे सरकारचे धोरण आहे असा कायदा केला. शंभर वर्षे ज्या सरकारने भाषा उपटल्या त्यानेच आता पाणी घालण्याचे ठरविले. उशिरा सुचलेले शहाणपण, पण शहाणपणच. समितीपुढे पहिला प्रश्न आला तो आम्हां मराठी माणसांना सहसा पडत नाही असा: लिहावयाचे कसे?

तोवर कोमँची भाषा कोणी लिहिली नव्हती असे नाही. मिशनरी आणि भाषापंडित लिहीतच होते. एलियट कॅनाँज यांनी वृद्धांच्या तोंडच्या गोष्टी जमवून 1958 मध्ये छापल्या होत्या. 1990 साली रॉबिन्सन व आर्मागोस्ट यांचा कोश आणि व्याकरण एकत्र निघाले. पण ते पंडितांचे लेखन. घरोघरी ज्याला जसे सुचेल तसे इंग्रजी स्पेलिंगच्या वळणाने लिहिण्याचा प्रघात होता आणि इंग्रजी स्पेलिंगला वळण किती हे आपण जाणतोच. डॉ. अॅलिस अँडर्टन या भाषाशास्त्रज्ञ बाईंच्या साहाय्याने वर्णमाला तयार झाली आणि 1994 मध्ये कोमँची राष्ट्राने ती अधिकृत म्हणून स्वीकारली. स्वर सहा, त्यांतला एक आडव्या रेघेचा, ज्याचा उल्लेख मघाशी केला. शब्दात मध्येच घसा क्षणभर बंद करावा लागतो, त्यास प्रश्नचिन्हासारखी खूण. आणि या भाषेत काही स्वर कुजबुजून म्हणावयाचे असतात, विशेषतः शब्दाच्या शेवटी. ओठ-जीभ सर्व जागच्या जागी, पण आवाज नाही, नुसता श्वास. असे अक्षर लिहून त्याखाली रेघ द्यावयाची. शिकणाऱ्याला सर्वांत नडतो तो हाच कुजबुजता स्वर. कागदावर तो दिसतो, पण कानाला ऐकू यावा इतक्या जवळ म्हातारी बसलेली असावी लागते.

वर्गांची रचना आम्ही वाचली आहे ती साधी आहे. चित्रांचा कोश, खेळावयाची शब्दचित्रे, स्तोत्रांचे व गाण्यांचे पुस्तक आणि ध्वनिमुद्रणे. मोठ्यांनी लहानांसारखे शिकावे अशी सोय. गाण्याने आरंभ करणे सोपे जाते, कारण कित्येकांना स्तोत्रे आधीच पाठ असतात. अर्थ मात्र ठाऊक नसतो. चर्चने एका बाजूने जे नेले ते दुसऱ्या बाजूने जपूनही ठेवले, हा इतिहासाचा विनोद. पुढे 2002 साली लॉटन येथे कोमँची राष्ट्राचे स्वतःचे महाविद्यालय निघाले. तेथेही भाषा शिकविली जाई, वृद्धांची बोलणी मुद्रित होत. ते 2017 मध्ये बंद पडले. संस्था निघतात, बंद पडतात. या वाचनालयाच्या चालकांना त्याचा अनुभव आहे. राष्ट्राच्या शासनाने भाषेचा विभाग ठेवला आहे आणि काम चालू आहे.

आता व्याकरणातली एक गोष्ट, कारण तिच्यामुळेच हा विषय आम्ही धरला. इंग्रजीत 'वुई' म्हटले की त्यात समोरचा आला की नाही हे कळत नाही. मराठीत 'आम्ही जातो' आणि 'आपण जाऊ' यांत सारे जग बदलते. हिंदी बोलणाऱ्या आमच्या मित्रांना हा भेद समजावताना आमची दमछाक होते. कोमँचीत तो भेद आहे! समोरच्याला धरून आपण, आणि समोरच्याला वगळून आम्ही. शिवाय दोघांचे आपण निराळे आणि अनेकांचे निराळे. समितीने जो शब्दकोश काढला त्याच्या नावाचा पहिला शब्द 'ता' असा आहे. 'ता नुमु तेक्वापु', म्हणजे आपली नुमुनू बोली. आमची नव्हे, आपली. ज्याने पुस्तक हातात घेतले त्याला पहिल्याच शब्दात घरात घेतले आहे. संपादकाचे आयुष्य 'आम्ही' लिहिण्यात जाते. तो शब्द वाचल्यावर आम्हांस थोडी लाज वाटली.

क्रियापदे तर शिकणाऱ्याची परीक्षाच पाहतात. वस्तू मोडली ती हाताने, पायाने, दाताने की उष्णतेने, हे धातूच्या आधी लागणाऱ्या एका अवयवाने सांगावे लागते. एकजण बसला तर एक धातू, पुष्कळजण बसले तर दुसराच. असे काही पाठ करून येत नाही. अंगणात खेळताना, चूक झाली की आजी हसते तेव्हा येते.

आजीवरून आठवले. नात्यांचे शब्द प्रत्येक वर्गात प्रारंभीच शिकवितात आणि त्यांत एक विलक्षण गोष्ट आहे. आईच्या बापाला कोमँचीत 'तोको' म्हणतात. आणि तो आपल्या मुलीच्या मुलाला काय म्हणतो? तोकोच. आईच्या आईला 'काकु', आणि ती आपल्या लेकीच्या मुलांना काकुच म्हणते. (आमच्या काकूशी त्याचा काही संबंध नाही, मुले हसतील म्हणून सांगतो.) बापाकडच्या आजोबांसाठी आणि आजीसाठी शब्द निराळे, पण रीत हीच: आजा आणि नातू एकमेकांना एकाच नावाने हाक मारतात. मधल्या पिढीला या नावात जागा नाही. शंभर वर्षांपूर्वी यात काही दुःख नव्हते, नुसता लळा होता. आज वर्गात पंचाहत्तरीची बाई आणि तिच्या समोर तिची नात बसून हा शब्द एकमेकींना म्हणत असतील, आणि दोघींच्या मध्ये जिला तो शब्द कोणी म्हटलाच नाही अशी एक बाई वही घेऊन बसली असेल, असे चित्र आमच्या डोळ्यांपुढून हलत नाही. हे वर्ग म्हणजे त्या मुक्या पिढीच्या डोक्यावरून मारलेली उडी आहे. उडी मारणारांत ती पिढीही आहे, हे विशेष.

ती साधते काय? खोटा धीर देणे हे आमचे काम नव्हे. 2013 च्या सुमारास जन्मतः कोमँची बोलणारे 25 ते 30 लोक उरले होते. त्यानंतर तो आकडा खालीच आला आहे. राष्ट्राचे नोंदलेले सभासद सतरा हजारांच्या आसपास आहेत आणि त्यांतील निम्म्याहून कमी लॉटनच्या परिसरात राहतात. आठवड्यातून एकदा तासभर बसून भाषा येत असती तर आपण सर्व संस्कृत बोललो असतो. कॅलिफोर्नियात लिअन हिंटन यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 नंतर एक निराळी रीत चालविली: एक वृद्ध, एक शिकणारा, आठवड्यातले पुष्कळ तास दोघांनी एकत्र काढावयाचे, स्वयंपाक, बाजार, गाडी धुणे, सर्व काही, आणि इंग्रजी वर्ज्य. म्हणजे वर्ग सोडून घर पुन्हा मांडावयाचे. ही रीत अनेक जमातींनी उचलली. ती उत्तम आहे. परंतु तीस वृद्ध म्हणजे तीसच जोड्या, आणि त्यांतले कित्येक आजारी.

जोसेफ कॅसाग्रांद या मानवशास्त्रज्ञाने 1948 मध्ये एक लहानसा लेख छापला होता. त्याचा विषय होता कोमँची आया तान्ह्या मुलांशी जी बोबडी भाषा बोलत ती. आपल्याकडे मंमं, भुर्र, पापा, बागुलबुवा. तसे त्यांचे शब्द. विद्वानाने बोबडे बोल टिपावेत याचे आम्हांस प्रथम हसू आले. मग ध्यानात आले की, भाषा जाते तेव्हा सर्वांत आधी हेच शब्द जातात. स्तोत्रे टिकतात, लढाईच्या कथा टिकतात, नावे टिकतात. तान्ह्याशी बोलावयाचे शब्द ज्या दिवशी बंद पडले त्या दिवशी शेवटाची तारीख पडली; बाकी हिशेब पन्नास-साठ वर्षांनी चुकता होतो. कॅसाग्रांदने ते टिपले तेव्हा कित्येक घरांतून ते बंद पडतच होते. आज ज्या तरुण आईला आपल्या मुलाशी कोमँचीत बोलावयाचे आहे तिला ते शब्द त्या लेखातून शोधावे लागतील. आणि ते टिपलेले आहेत म्हणून शोधता तरी येतील.

मुले शिकत नाहीत असे मात्र नाही. ओक्लाहोमा विद्यापीठाच्या नॉर्मन येथील संग्रहालयात 2003 पासून मूळ रहिवाशांच्या मुलांचा भाषामेळा भरतो. निरनिराळ्या जमातींची पोरे आपापल्या भाषेत गाणी, गोष्टी, नाटुकली म्हणून दाखवितात. 2022 साली 'प्रे' नावाचा एक चित्रपट निघाला, 1719 मधल्या कोमँची मुलखात घडणारा, परग्रहावरील राक्षसाशी लढणाऱ्या मुलीचा. कथा तुम्हांस आवडेल असे नाही. पण तो संपूर्ण चित्रपट कोमँची भाषेत ऐकण्याची सोय केली आहे, आणि असे त्या भाषेच्या इतिहासात प्रथमच घडले. त्याच्या एक निर्मात्या जेन मायर्स स्वतः कोमँची आहेत. ज्या भाषेचे जन्मतः बोलणारे बोटांवर मोजावेत तिच्यात दीड तास घरच्या पडद्यावर बोलणे चालू राहते आणि एखादे पोर सोफ्यावर पाय पसरून ते ऐकते, ही गोष्ट आम्ही क्षुद्र मानीत नाही.

आपल्या येथे मराठी बोलणारांची उणीव नाही. आपले गाऱ्हाणे वेगळ्या कचेरीतले आहे आणि आज ते काढावयाचे नाही. तरीपण व्याख्यानास येताना वाटेत आम्ही एक संवाद ऐकला तो सांगतो. आई आणि आजी एकमेकींशी मराठीत बोलत चालल्या होत्या. बरोबरच्या चार वर्षांच्या मुलाला मात्र आई म्हणाली, 'लुक, डॉगी!' कुत्रे आमच्याच गल्लीतले, अस्सल गावठी. त्याला आजवर सर्वजण यू-यू करून बोलावीत आले आहेत.

अध्यक्ष महाराजांनी घड्याळाकडे पाहिले आहे, तेव्हा एक विनंती करून थांबतो. कोमँचींचा तो शब्दकोश मिळत असल्यास चालकांनी या वाचनालयासाठी मागवावा. आपल्यातले कोणी भाषाप्रेमी तरुण त्यातल्या शब्दांचे उच्चार देवनागरीत बसवून पाहतील. त्या रेघेच्या स्वरासाठी काही खूण योजावी लागेल. पुस्तकाचा आणि टपालाचा खर्च परवडत नाही असे चालक म्हणतील हे आम्हांस ठाऊक आहे. अर्धा आम्ही देऊ.